बॅटरीचे १२ व्होल्ट कुणाच्या वाट्याला?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला माझा हात चांगला चालतो. बोर्ड भरणं, जिन्याचं वायरिंग, सिरीज बोर्डवर इस्त्री तपासणं, सगळं जमतं. पण थिअरीत सर्किटची गणितं आली की हातपाय गळतात. ओहमचा नियम पाठ आहे, सिरीज-पॅरललची (एकामागे एक आणि शेजारीशेजारी जोडणीची) सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर चुकतं. परवाच्या चाचणीतलं गणित असं होतं : १२ व्होल्टची बॅटरी, तिला २ ओहमचा एक रेझिस्टर, आणि त्याच्या पुढे २० ओहम आणि ५ ओहम एकमेकांना पॅरलल. प्रत्येकातला करंट काढा. मी १२ ला प्रत्येकाच्या ओहमने भागलं आणि ६, ०.६ आणि २.४ अँपिअर असं लिहिलं. शून्य मार्क मिळाले. सर म्हणाले, सूत्रं घोकून ये. ती तर घोकलेलीच आहेत. वडील म्हणतात, वायरमनला गणित कशाला, हात चालला की झालं. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. अजून एक विचारायचं होतं. पहिल्या रेझिस्टरमध्ये थोडा करंट खर्च होऊन पुढच्याला कमी मिळतो का? वर्गात विचारलं तर पोरं हसली.
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : प्रिय मित्रा,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या शून्य मार्कांचं मूळ तिथेच आहे. पोरं हसली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. हा प्रश्न मनात येणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, तोंडाने विचारणारी फार थोडी.

करंट खर्च होत नाही. एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम एवढा विद्युतभार त्या जागेवरून पुढे जातो. रस्ता एकच असेल, मध्ये फाटा नसेल, तर रेझिस्टरच्या एका पायातून सेकंदाला जेवढा भार आत शिरतो तेवढाच दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. मध्ये साठून राहायला त्याला जागा नसते आणि नाहीसा तर तो होतच नाही. हे वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी बघता येतं. सरांना विचारून, त्यांच्या समोर, ६० वॉट आणि १०० वॉटचे दोन साधे फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये लाव. अँमीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे जोडून बघ. दर वेळी सप्लाय बंद करूनच जोडणी बदल. तिन्ही ठिकाणी काटा एकाच आकड्यावर थांबेल. बल्बांची अदलाबदल केलीस तरी फरक पडणार नाही. या जोडणीत ६० चा बल्ब १०० च्यापेक्षा जास्त उजळतो, तेही नीट बघून ठेव. त्याचं कारण हे उत्तर वाचून झाल्यावर तुझं तुलाच सांगता येईल.

मग काहीतरी खर्च होतं असं तुला जे वाटतं, ते चुकीचं का? नाही. खर्च होतात ते व्होल्ट. बॅटरी १२ व्होल्टची आहे याचा अर्थ, तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कूलोमला ती १२ ज्यूल ऊर्जा देते. त्यातली काही पहिल्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, उरलेली पुढच्यात, आणि बॅटरीच्या निगेटिव्हला पोचेपर्यंत बाराच्या बारा संपलेले असतात. खर्च होतोय हे तू बरोबर ओळखलंस. फक्त तो करंटच्या नावावर मांडलास.

आता तुझं गणित. तू तिन्ही रेझिस्टरना १२-१२ व्होल्ट देऊन टाकलेस. पण १२ व्होल्ट आहेत बॅटरीच्या दोन टोकांमध्ये. ज्या रेझिस्टरचा एक पाय थेट पॉझिटिव्हला आणि दुसरा पाय थेट निगेटिव्हला पोचतो, वाटेत दुसरं काहीही न लागता, त्यालाच ते पुरे मिळतात. तुझ्या सर्किटमध्ये असा एकही नाही. २ ओहमचा एक पाय पॉझिटिव्हला आहे, पण दुसरा जातो त्या जोडीकडे. २० आणि ५ यांचा एक पाय निगेटिव्हला आहे, पण दुसऱ्या बाजूने बॅटरीपर्यंत जायला २ ओहममधूनच जावं लागतं. म्हणजे १२ व्होल्टची वाटणी होणार, आणि ती कशी होते ते शोधणं हेच खरं गणित आहे.

तुझं उत्तर चुकलंय हे पेपर तपासायच्या आधी, तुझं तुलाही कळलं असतं. बघ. तुझ्या म्हणण्याप्रमाणे २ ओहममधून ६ अँपिअर येतात. पुढे फाटा आहे, तिथे एकीकडे ०.६ आणि दुसरीकडे २.४ जातात. त्यांची बेरीज ३. मग उरलेले ३ अँपिअर कुठे गेले? फाट्याशी जेवढा करंट येतो तेवढाच पुढे जायला हवा. ही बेरीज करायला अर्धं मिनिट लागतं, आणि परीक्षेत ती प्रत्येक गणितानंतर करायची सवय लागली की निम्म्या चुका तिथल्या तिथे सापडतात.

ओहमच्या नियमाबद्दल एक गोष्ट सूत्र घोकून कळत नाही. व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध (रेझिस्टरचे ओहम), यातल्या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूच्या असाव्या लागतात. २ ओहमचा रोध घेतला तर व्होल्ट त्याच २ ओहमच्या दोन पायांमधले आणि करंटही त्यातूनच जाणारा. सगळ्या सर्किटचा रोध घेतला तर व्होल्ट बॅटरीचे आणि करंट बॅटरीतून निघणारा. एकाचे व्होल्ट आणि दुसऱ्याचा रोध अशी भेसळ केली की सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं. तुझं नेमकं तेच झालं.

हा नियम ज्यांच्या नावाचा, ते गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवत होते. त्या काळच्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज करंट घेताच घसरायचा, त्यामुळे मोजमापात मेळ बसेना. म्हणून १८२६ मध्ये त्यांनी बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचा जोड वापरला. अशा जोडाचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की व्होल्टेज तयार होतो. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तपमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. त्याला सारख्याच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसुई किती वळते त्यावरून करंट मोजला. त्यांना जे सापडलं ते आजच्या भाषेत असं : करंट म्हणजे एक ठरावीक आकडा भागिले (जोडलेल्या तारेचा रोध अधिक उरलेल्या सर्किटचा रोध). छेदातली ती बेरीज बघ. तार एकटी नव्हती, बाकीचं सर्किट तिच्याबरोबर सिरीजमध्ये होतं, आणि ते धरल्याशिवाय आकडे जुळत नव्हते. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्याकडे सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं ते १८४१ मध्ये. मला ही हकिगत सांगावीशी वाटते ती एवढ्यासाठी की नियमाचं पहिलं रूपच सगळं सर्किट धरून होतं. आपण मात्र पुस्तकात तो एका सुट्या रेझिस्टरपुढे लिहितो आणि मुलं बॅटरीचे व्होल्ट उचलून त्यात घालतात.

आता सोडवू. मोठ्या सर्किटच्या घड्या घालत यायचं, एकच रेझिस्टर उरेपर्यंत. मग त्याच घड्या उलट्या क्रमाने उलगडत जायचं. प्रत्येक घडीला चित्र नव्याने काढायचं. कागद वाचवू नकोस.

पहिली घडी २० आणि ५ ची, कारण त्यांची दोन्ही टोकं सामायिक आहेत. पॅरललमध्ये प्रत्येक रोध उलटा करून (एक भागिले रोध) बेरीज करायची : एक विसांश अधिक एक पंचमांश, म्हणजे एक विसांश अधिक चार विसांश, म्हणजे पाच विसांश, म्हणजे एक चतुर्थांश. इथे थांबून ०.२५ ओहम असं लिहिणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. हा अजून रोध झालेला नाही, त्याला उलटा करायचा आहे. रोध ४ ओहम.

इथे एक पडताळा शिकून घे, फार कामाचा आहे. पॅरललमधला एकूण रोध त्यातल्या सगळ्यात लहान रोधापेक्षा लहानच येतो, हे तुम्हाला सांगितलं असेल. पण ०.२५ हाही ५ पेक्षा लहानच आहे, तेव्हा एवढ्यावर ही चूक पकडली जात नाही. दुसरी बाजूही लक्षात ठेव : दोन रेझिस्टर असतील तर एकूण रोध लहानाच्या निम्म्याहून खाली कधी जात नाही, तीन असतील तर एक तृतीयांशाहून खाली जात नाही. कारण उघड आहे. ५ च्या जोडीला आणखी एक ५ असता तर २.५ आले असते. इथे जोडीदार २० चा आहे, तो त्याहून कमी करंट जाऊ देतो, म्हणून उत्तर २.५ आणि ५ यांच्या मध्येच पडायला हवं. ४ बसतो, ०.२५ बसत नाही. गुणाकार भागिले बेरीज हे सोपं सूत्र वापरायचं असेल तर जरूर वापर (१०० भागिले २५, आले ४), पण ते फक्त दोन रेझिस्टरना चालतं. तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज असं काही नसतं. तीन असतील तर आधी दोघांचं काढ, मग आलेल्या उत्तराला तिसऱ्याबरोबर घे.

दुसरी घडी. २ ओहम आणि हे ४ ओहम एकामागे एक, मध्ये फाटा नाही. ६ ओहम. आता चित्रात एक बॅटरी आणि एकच रेझिस्टर आहे, त्याचे दोन्ही पाय बॅटरीला. या चित्रात १२ ला भागायची मुभा आहे, आणि फक्त याच चित्रात. १२ भागिले ६, करंट २ अँपिअर. हा बॅटरीतून निघणारा करंट.

आता उलगड. हे २ अँपिअर पुरेच्या पुरे २ ओहममधून जातात, कारण दुसरी वाट नाही. २ गुणिले २, म्हणजे ४ व्होल्ट तिथे खर्च झाले. बारातले आठ उरले, ते त्या जोडीच्या वाट्याला. (२ अँपिअर गुणिले ४ ओहम, आठच. जुळलं.) २० आणि ५ या दोघांनाही हेच ८ व्होल्ट मिळतात, वाटून नाही, प्रत्येकाला पुरे आठ, कारण दोघांची टोकं त्याच दोन बिंदूंना आहेत. ८ भागिले २० म्हणजे ०.४ अँपिअर. ८ भागिले ५ म्हणजे १.६ अँपिअर. बेरीज २. मार्क पुरे.

हौस असेल तर वॉटनेही ताडून बघ. २ ओहममध्ये ४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, ८ वॉट; २० ओहममध्ये ३.२; ५ ओहममध्ये १२.८. एकूण २४ वॉट. आणि बॅटरी देते १२ गुणिले २, म्हणजे २४. करंट, व्होल्ट, वॉट असे तिन्ही हिशेब जुळले की उत्तर चुकलं असण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

एक गोष्ट जाता जाता. ‘करंट कमी रोधाच्या वाटेने जातो’ हे वाक्य तू ऐकलं असशील. अर्धवट आहे ते. करंट दोन्ही वाटांनी जातो. ५ ओहममधून २० ओहमच्या चौपट जातो, पण २० ओहमची वाट रिकामी राहत नाही.

इथपर्यंत आलास तर आता तुझ्या हातातलं काम कागदावर आण. तू सिरीज बोर्डवर, म्हणजे बोर्डवरच्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडून, इस्त्री तपासतोस म्हणतोस ना? मग सिरीजमध्ये व्होल्टची वाटणी कशी होते ते तू रोज बघतोयस. बोर्डवर १०० वॉटचा बल्ब आहे असं धर. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम. इस्त्री १००० वॉटची, तिचा रोध त्याच्या दहावा हिस्सा, ५२.९ ओहम. दोघं सिरीजमध्ये. रोध दहास एक, म्हणून व्होल्टही दहास एक. २३० चे अकरा भाग केले, दहा बल्बला आणि एक इस्त्रीला : बल्बला साधारण २०९ व्होल्ट आणि इस्त्रीला जेमतेम २१. म्हणून चांगली इस्त्री सिरीज बोर्डवर लावली की बल्ब किंचित मंद, पण चांगला पेटतो, आणि इस्त्री तापत नाही. इस्त्री आतून शॉर्ट असेल तर तिचा रोध शून्याजवळ, तिच्या वाट्याला व्होल्ट उरत नाहीत, सगळे २३० बल्बला, तो पूर्ण उजळतो. एलिमेंट तुटलं असेल तर वाटच बंद, बल्ब विझलेला.

आता विचार कर : २०९ व्होल्टवरचा बल्ब आणि २३० व्होल्टवरचा बल्ब, नुसत्या नजरेला यातला फरक किती कळणार? म्हणूनच जुने कारागीर इस्त्री-गिझरसारख्या जड वस्तूंसाठी बोर्डवर २०० वॉटचा बल्ब ठेवतात. त्याचा रोध २६४.५ ओहम, म्हणजे इस्त्रीच्या पाचपट. सहा भागांतले पाच त्याला, साधारण १९२ व्होल्ट. चांगली इस्त्री आणि शॉर्ट इस्त्री यांतला फरक आता ठळक दिसतो. त्यांनी हे अनुभवाने ठरवलं असेल. तू दोन ओळींच्या भागाकाराने ठरवू शकतोस. आकडे अंदाजाचे आहेत हे मात्र ध्यानात ठेव, कारण फिलामेंटचा रोध तपमानाबरोबर बदलतो. १०० वॉटचा थंड बल्ब मल्टीमीटरने मोजलास तर ५२९ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दाखवेल, म्हणून मीटर बिघडलाय असं समजू नकोस. आणि एलईडी बल्ब या कामाला चालत नाही; त्याच्या आत ड्रायव्हरचं सर्किट असतं, तो साध्या रेझिस्टरसारखा वागत नाही.

वरच्या ६० आणि १०० वॉटच्या बल्बांचं उत्तरही यातच आहे. ६० वॉटच्या बल्बचा रोध जास्त (२३० च्या वर्गाला ६० ने भागून बघ), करंट दोघांत सारखा, म्हणून व्होल्ट त्याला जास्त.

वडिलांचा प्रश्न मी बाजूला टाकत नाही. हात चालला पाहिजे हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. गणित येणाऱ्या पण स्क्रू सैल ठेवणाऱ्या माणसाला मी माझ्या घराच्या मीटरला हात लावू देणार नाही. पण त्यांना पुढचा हिशेब करून दाखव. इमारतीत तीन फेजचा (तीन वेगळ्या जिवंत तारांचा) सप्लाय असतो, एका घराला एक फेज, दुसऱ्याला दुसरा, न्यूट्रल म्हणजे परतीची तार सगळ्यांची सामायिक. खालच्या पॅनलमध्ये तो न्यूट्रल सैल होऊन सुटला, असं समज. एका घरात १००० वॉटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्या फेजवरच्या घरात फक्त १०० वॉटचा बल्ब, आणि तिसऱ्या फेजवर त्या वेळी काहीच चालू नाही. न्यूट्रल होता तोवर दोघं आपापल्या २३० व्होल्टवर सुखाने चालले होते. न्यूट्रल गेला आणि इस्त्री व बल्ब दोन फेजच्या मध्ये सिरीजमध्ये आले. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. रोध एकास दहा. ४०० चे अकरा भाग, दहा बल्बला : साधारण ३६४ व्होल्ट. बल्ब उडतो. बल्बच्या जागी टीव्ही असेल, फ्रिजचं कार्ड असेल, चार्जर असेल, तर तेही. आणि ज्या घरात जड वस्तू चालू होती तिथे ३६ व्होल्ट, म्हणजे लाइट गेल्यासारखं. ‘शेजारच्याचा टीव्ही जळला आणि आमच्याकडे लाइटच नव्हती’ अशी तक्रार आली की ज्याला हा हिशेब येतो तो सरळ न्यूट्रलच्या जोडाकडे जातो. न्यूट्रलमध्ये फ्यूज टाकायचा नाही असं तुम्हाला शिकवतात, ते याचसाठी.

गावाकडे मोटर चालू झाली की घरातला बल्ब मिणमिणतो, तेही तुझ्या चाचणीतलंच सर्किट. २ ओहमच्या जागी खांबापासून घरापर्यंतची लांबलचक सर्व्हिस वायर धर, २० आणि ५ च्या जागी बल्ब आणि मोटर. मोटर सुरू होताना खूप करंट ओढते, तो सगळा त्या वायरमधून येतो, वायरमध्ये जास्त व्होल्ट खर्च होतात आणि बल्बच्या वाट्याला कमी येतात.

आता एक अडचण जी तू पत्रात लिहिली नाहीस, पण पुढच्या चाचणीत येईल. सिरीज आहे की पॅरलल हे चित्राच्या तोंडवळ्यावरून ठरवू नकोस. एका ओळीत काढले म्हणून सिरीज, एकाखाली एक काढले म्हणून पॅरलल, असं नसतं. एक नमुना देते, वहीत काढ. एका आडव्या रेषेवर डावीकडून चार बिंदू : अ, ब, क, ड. अ-ब मध्ये ६ ओहम, ब-क मध्ये ६ ओहम, क-ड मध्ये ६ ओहम. बॅटरी अ आणि ड ला. आता एक साधी तार अ पासून क पर्यंत वरून टाक, आणि दुसरी साधी तार ब पासून ड पर्यंत खालून टाक. एकूण रोध किती?

घाईत १८ म्हणशील. पण तारेने जोडलेले दोन बिंदू म्हणजे एकच बिंदू. म्हणून क खोडून तिथेही अ लिही. ड खोडून तिथेही ब लिही. आता वाच : पहिला रेझिस्टर अ आणि ब च्या मध्ये, दुसरा ब आणि अ च्या मध्ये, तिसरा अ आणि ब च्या मध्ये. तिघंही त्याच दोन बिंदूंमध्ये आहेत, म्हणजे तिघंही पॅरलल. उत्तर २ ओहम. चित्रात एका रांगेत उभे होते तरी. रंगीत पेन्सिली घेतल्यास तर आणखी सोपं : बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सुरू कर, रेझिस्टर आडवा येईपर्यंत सगळ्या तारा एका रंगाने रंगव, रेझिस्टरच्या पलीकडे नवा रंग. ज्यांच्या दोन्ही टोकांना तीच रंगांची जोडी, ते पॅरलल. एखाद्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकच रंग आला तर तो तारेने शॉर्ट झालाय, त्यातून करंट जात नाही, त्याला चित्रातून काढून टाक. आणि सिरीज कधी म्हणायचं? दोघांच्या मधल्या बिंदूला तिसरं काहीही जोडलेलं नसेल तेव्हाच.

सगळी सर्किटं अशी घडीत बसत नाहीत. चार रेझिस्टरचा चौकोन आणि मध्ये पाचवा आडवा, म्हणजे व्हीटस्टन ब्रिज, हा कोणाशीच धड सिरीजही नसतो आणि पॅरललही नसतो. तो तोलात असेल, म्हणजे मधल्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट असतील, तर मधल्यातून करंट जात नाही, म्हणून मधला काढून टाकून सोडवता येतो. तोलात नसेल तर किरचॉफचे नियम लागतात. घाबरू नकोस. फाट्याशी येणारा करंट आणि जाणारा करंट सारखा, आणि फेरी पूर्ण होताना मिळालेले व्होल्ट आणि खर्चलेले व्होल्ट सारखे, हे दोन पडताळे तू आत्ता वर केलेस ना, तेच किरचॉफचे दोन नियम. त्यांनी ते १८४५ मध्ये मांडले तेव्हा ते स्वतः विद्यार्थीच होते.

सरावासाठी घरी मेनला हात लावायचा नाही. ९ व्होल्टची छोटी बॅटरी, ब्रेडबोर्ड (पाय नुसते खोचून सर्किट जोडायची भोकांची पट्टी), साधा मल्टीमीटर आणि १ किलोओहमचे चार रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा) एवढं पुरे. तुझ्या गणितातले २, ५ आणि २० ओहम घेऊन बसू नकोस. तिथे ५ ओहममध्ये १२.८ वॉट निघाले होते, आणि दुकानात मिळणारा नेहमीचा रेझिस्टर पाव वॉटचा असतो, तो जळेल. किलोओहममध्ये हिशेबही सुटसुटीत होतो : व्होल्टला किलोओहमने भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं.

एक रेझिस्टर पुढे, त्यामागे दोन पॅरलल, असं जोड. मीटर लावायच्या आधी वहीत लिही : जोडीचा रोध ०.५, एकूण १.५ किलोओहम, करंट ६ मिलिअँपिअर, पहिल्यावर ६ व्होल्ट, जोडीवर ३ व्होल्ट, जोडीतल्या प्रत्येकात ३ मिलिअँपिअर. मग मोज. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, तेवढी सूट तो सोनेरी पट्टाच देतो, आणि बॅटरीही अगदी ९ ची नसेल, तिचे व्होल्ट जोडलेल्या अवस्थेत मोजून तोच आकडा हिशेबात घे. व्होल्ट मोजताना मीटर रेझिस्टरच्या दोन पायांना. करंट मोजताना वाट तोडून मीटर मध्ये. करंटच्या सेटिंगवर असताना प्रोब चुकूनही थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल. ओहम मोजायचे तर बॅटरी काढून, आणि रेझिस्टरचा एक पाय मोकळा करून. तुझ्या चाचणीतलं सर्किट जोडलेलं असताना, नुसती बॅटरी काढून, २० ओहमचा रेझिस्टर जागच्या जागी मोजला असता तर मीटरने ४ दाखवले असते, कारण ५ ओहमची वाट मीटरला मोकळीच आहे.

हे जमलं की जोडीला तिसरा १ किलोओहम पॅरलल लाव. मीटर बंद ठेवून आधी सांग : बॅटरीचा करंट वाढेल की कमी होईल? आणि आधीच्या दोघांतल्या प्रत्येकाचा? एकाचं उत्तर वाढेल असं आहे आणि दुसऱ्याचं कमी होईल असं. आकडे साधारण ६.७५ आणि २.२५ मिलिअँपिअरच्या आसपास यायला हवेत. फार दूर गेले तर सर्किटचं चित्र, बिंदूंना दिलेली अक्षरं आणि मोजलेले सगळे आकडे एका कागदावर लिहून मला पाठव, कुठे अडतंय ते बघू.